कॉम्प्युटरनं काढलेलं बॅनर

हसू नका, पण भोकरदनला आमच्या शाळेत कॉम्प्युटर आले तव्हा बॅनर रंगवायला आलेल्या पेंटरला मीच घरी पाठवलं होतं. मी कॉम्प्युटरचा नवा मास्तर; उद्घाटनाच्या सकाळी हेडमास्तरांना ऐटीत म्हणलं, "सर, एक कमांड टाकायची, पुढं मजकूर लिहायचा, बस! प्रिंटरमधून ताटाएवढी अक्षरं निघतात."

मी पाहुण्या साहेबांचं नाव टाकलं, तर हेडमास्तर भडकले. "नुसतं नाव? साहेबांची काही इज्जत हाय का न्हाई? अगोदर आदरणीय टाका, मंग माननीय, मंग श्रीमान!"

इंग्रजी अक्षरांत सगळं टाकलं. प्रिंटर करकर करून राह्यला होता, एकेका अक्षराला एकेक पान. 'श्रीमान' झालं अन् कागद खतम! दुसरा गठ्ठा जालन्यालाच मिळायचा, अन् साहेबांची जीप तर फाटकात आल्ती. निघालं तेवढंच व्हरांड्याच्या भिंतीवर चिकटवलं.

साहेबांनी या टोकापासून त्या टोकापर्यंत चालत वाचलं. "अन् माझं नाव?"

हेडमास्तर हात जोडून म्हणले, "साहेब, तुमचा मान करता करता कागदच संपला."

"मंग हे भिंतीवरून काढू नका," साहेब म्हणले. "पुढच्या पाहुण्यालाबी बराबर बसंल."