माझा सूर टेकडीपर्यंतच

...आणि वर मलाच म्हणते, "बाबा, तुम्ही लय सोडता!" मी? मी लय सोडतो? अहो, तुम्हाला सांगतो, आमच्या वटार गावात गणपतीच्या दिवसांत माझ्याशिवाय आरती पुढे सरकत नाही! म्हणजे आरतीत ती एक जागा येते बघा... नाव कशाला सांगू, तुम्ही सगळे तिथेच डोळे मिटून मान वर करता... तिथे एकाने सूर ओढायचा आणि बाकीच्यांनी टाळ धरून वाट बघायची. तो एक म्हणजे मी, जगन्नाथ! आळीत कुठल्याही घरी जा, निरांजन पेटलेलं, ताट तयार, आणि यजमान दारात उभा, "जगूदादा आले का?" एरवी मला कोण काय विचारतं हो? केळीला पाणी सोडलं का, एवढंच. गणपतीचे दिवस तेवढे माझे!

तर ह्या वर्षी आमच्या ढोलकीवाल्याला कामणला गोदामात नोकरी लागली, रजा मिळेना. आता काय? आमची अक्षदा, म्हणजे माझी मुलगी, इंजिनीअर, म्हणते, "टेन्शन नका घेऊ बाबा, मी गेममध्ये वाजवते." गेममध्ये! तो ठोकळ्यांचा गेम हो. त्यात जमीन ठोकळ्यांची, झाड ठोकळ्यांचं, मेंढीसुद्धा ठोकळ्याची! झाड तोडायचं, फळ्या पाडायच्या, त्यात लाल भुकटी घालून वाजणारा डबा बनवायचा. आणि डबा ज्याच्यावर ठेवाल तसा आवाज. लाकडावर खर्ज, वाळूवर ताशासारखं तडतड, सोन्यावर घंटा, आणि गवताच्या पेंढीवर ठेवला तर... बँजो! मी म्हटलं, जन्मभर वाडीत पेंढ्या रचल्या, एकीनेही कधी टिंग केलं नाही! मग त्या लाल भुकटीची रेघ ओढायची, बटण दाबलं की रेघ पेटत पेटत जाते आणि एकेक डबा वाजतो. ते लॅपटॉपवर, आणि आवाजाला हा एवढा थोरला स्पीकर.

वाजलं छान, खोटं कशाला बोलू. पण थांबतं का ते? नाही थांबत! पहिल्याच तालमीला मी ती जागा घेतली, डोळे मिटले, सूर लावला, जरा कुठे रंगात येतोय... तर ते पुढच्या कडव्यात! मी इथे आणि घंटा तिथे! म्हटलं, "अक्षदा, त्याला थांबव." तर म्हणे, "ते मशीन आहे बाबा, ते कसं थांबेल? तुम्हीच लय सोडता." अगं, माणूस थांबतो, बस थांबते, खाडीचं पाणीसुद्धा ओहोटीआधी क्षणभर थांबतं, आणि तुझी पेंढी थांबत नाही?

दोन दिवस जेवलो नाही. म्हणजे जेवलो, पण बोललो नाही. शेवटी तिलाच दया आली. "ठीक आहे, तुमच्या सुराएवढी जागा सोडते. गा बघू." मी ओटीवर मांडी घालून, आत जयवंती, आमची ही, नारळ खवतेय. लावला सूर! अक्षदाने मोबाइलवर मोजला आणि बघतच राहिली. "बाबा, एवढा?" म्हटलं, "मग?" मग तिने तेवढी नुसती लाल रेघ ओढली, मध्ये एक डबा नाही. रेघ गेममधल्या शेताच्या बांधावरून गेली, ओढ्यावर पूल घातला, टेकडी चढली, पलीकडे उतरली! शेजारच्या व्हिक्टरला मुद्दाम बोलावून दाखवली, "हा बघ, हा माझा श्वास! वटारहून निघाला तो पार आगाशी!"

गणेश चतुर्थी. घर भरलेलं. पुतण्या तेजसने स्पीकर आणून ठेवला, अक्षदाने बटण दाबलं, खर्ज, तडतड, बँजो, घंटा... आली जागा! लावला सूर. ह्या वेळी डोळे उघडे हं, रेघ बघायची होती ना. बांध गेला... ओढा गेला... टेकडीचा पायथा आला... आणि काय सांगू, माझ्यातली हवाच संपली! अहो, संपली! आणि रेघ आत्ता कुठे टेकडी चढतेय! टाळ थांबले. कापूर विझायला आला. सगळे माझ्याकडे बघतायत. थांबत नाही, थांबत नाही म्हणून ओरडत होतो ना? आता थांबलं होतं! आणि त्या शांततेत गेममधली मेंढी... बॅऽऽ!

इतक्यात स्वयंपाकघराच्या दारातून तोच सूर. तस्साच्या तसा. मोदक वळता वळता जयवंती, हाताला पीठ, तिने तो सूर टेकडी चढवला, पलीकडे उतरवला आणि घंटेच्या दारात आणून सोडला. मग ढाणढाण पुढचं कडवं!

आरती झाल्यावर अक्षदा म्हणते, "आई, तू?" तर ही म्हणते कशी, "अगं, दरवर्षी मीच संपवते. ह्यांचा दम अर्ध्यात जातो, मग मी मागून धरते. ह्यांचे डोळे मिटलेले, ह्यांना वाटतं अजून हेच गातायत. तू मोबाइलवर मोजलास ना, तेव्हाही आतून मीच धरला होता." त्या दिवशी तेवढा मोदकांपायी बिचारीला उशीर झाला!

अहो, मला दरवर्षी शेवटी अंगावर काटा यायचा! वाटायचं, आपला आवाज घुमतोय, देवाची कृपा आहे... ती कृपा माझ्या मागे उभी होती, नऊवारीत! व्हिक्टर मोदक खात म्हणतो, "जगू, आगाशी राहिली लांब, तुझी गाडी अलीकडे नाळ्यालाच बंद पडली की रे!"

मी म्हटलं अक्षदाला, रेघ कमी कर. म्हणे, "आता कशाला? आई आहे ना." थांबतं का कोणी माझ्यासाठी? नाही थांबत! आता आळीतून बोलावणं येतं ते सरळ स्वयंपाकघरात, "जयूवहिनी, येताय ना?" आणि जाता जाता ओटीवर माझ्याकडे बघून... "जगूदादा, तुम्हीपण या हं. तेजस नाहीये आज, स्पीकर उचलायला कोणीतरी हवंच."