विनोदभाऊची घंटा

तुमी हसान, पण त्या दिवशी फुलसावंगीच्या शाळेत मी जेवढा धावलो, तेवढा जल्मात कधी धावलो नाही!

आर्णीहून आमचा अख्खा क्लब तिथल्या पोरायचे डोळे तपासाले गेलता. विनोदभाऊ नवीनच अध्यक्ष झालता. आमच्या क्लबात अध्यक्षानं पितळेची घंटा वाजवल्याशिवाय कोणताच कार्यक्रम सुरू होत नाही.

पोरं मैदानात रांगेनं बसली होती. उमरखेडहून मोठ्या मिनतवारीनं आणलेले डॉक्टर घड्याळ पाहून राह्यले होते, कारण त्यायले लवकर दवाखान्यात परतायचं होतं.

मी म्हटलं, "भाऊ, शाळेत घंटा राहू दे."

"काहून? नियम म्हणजे नियम!" म्हणत त्यानं टणकन टोला हाणला.

"सुटलीऽऽ!"

दप्तरं उचलून पोरं फाटकाकडे सुसाट! परत वाजवली तं परत येतीन, असं विनोदभाऊले वाटलं. त्यानं अजून जोरात बडवली, तं वर्गात बसलेली बारकी पोरंही बाहेर पडली! डॉक्टर हातात टॉर्च घेऊन एकटेच उभे. मी जीव तोडून धावत त्यायच्या पुढं गेलो अन् फाटकात हात पसरून उभा राह्यलो, तं पोरं माह्या काखेखालून पसार!

"अरे, हेडमास्तर कुठं आहेत?" म्हणून मी वळून पाह्यलं. ते हेल्मेट घालून गाडीवर बसले होते.

"गुरुजी, थांबवा ना पोरायले!"

गुरुजी किक मारत म्हणाले, "आता घंटा झाली न भाऊ. नियम म्हणजे नियम!"