येथे जॉब मिळेल

न्हाय न्हाय, ते पुडकं आत्ताच सोडू नका चाचा — सर्टिफिकिटं सगळ्यात शेवटी. आधी बसा. त्या स्टुलावर नको, त्याचा पाय हलतो, इकडं बाकावर. हां. बोर्ड वाचूनच आलात ना? 'चांगदेव जॉबर — येथे जॉब मिळेल.' लतीफ पेंटरनं रंगवलाय. आमची घरवाली म्हणते, चुकीचा हाय. मी म्हटलं, अगं, जॉब म्हणजे नोकरी, मग नोकरी देतो तो कोण? जॉबर! सरळ इंग्लिश हाय. अठरा वर्षं पॉवरलूमवर जॉबर होतो मी — लूम बंद पडली की 'ए चांगदेव' — पाना घेऊन दुरुस्तीला पळायचं, ग्रीसमध्ये हात घालायचे, आणि एवढ्या वर्षांत कुणी सांगितलं न्हाय, की ह्या शब्दाचा खरा अर्थ खुर्चीत बसायचा हाय. म्हणून ब्युरो काढला. खुर्ची बघितलीत? फिरते. एकाच बाजूला फिरते, पण फिरते.

तर पहिली गोष्ट — थांबा, मध्ये बोलू नका, इंटरव्ह्यूत मध्ये बोललं की गेली नोकरी — पहिली गोष्ट, ब्युरोवाल्यापासून काही लपवायचं न्हाय. राहनाळच्या रघूला मी गोडाऊनवर वॉचमन लावला. सगळं सांगितलं त्यानं, उंची सांगितली, छाती फुगवून मोजून दिली, फक्त कुत्र्यांना भितो ते सांगितलं न्हाय. गोडाऊनवर चार कुत्री! पहिल्याच दुपारी पत्र्यावर चढून बसला, मालकानं शिडी आणून उतरवला. मालक मला म्हणतो, चांगदेव, वॉचमनची राखण मी करायची का? आणि एकाच ब्युरोत नाव घालायचं, चाचा. तो तुळशीराम, फार हुशार — माझ्याकडं नाव, नाक्यावरच्याकडं नाव, कल्याणलाही नाव. तिघांनी पाठवला कुठं? वडप्याच्या एकाच ट्रान्सपोर्टला, एकाच सकाळी — एकानं कारकून म्हणून, एकानं हमाल म्हणून, मी ड्रायव्हर म्हणून. मॅनेजरनं तीन कागद बघितले आणि विचारलं, बाकीचे दोघे भाऊ कुठं हायत? ह्यानं घाबरून सांगितलं, मागनं येतायत! संध्याकाळपर्यंत वाट बघत बसला म्हणे तो मॅनेजर.

तुम्ही तसले न्हाय. तुमचं मला आवडलं. पांढरेशुभ्र कपडे, अत्तर, दाढी नीट — असं यायला पाहिजे ब्युरोत. नाव काय लिहू? गुलाम हुसेन. वा. वय? साठ... साठ जरा जास्त होतंय. पन्नास लिहितो — म्हणजे पन्नास तर पूर्ण झालेलीच हायत ना, खोटं कुठं हाय? अनुभव? काय म्हणालात? चोवीस लूम? चाचा, चांगला कारागीर चार चालवतो, सहा चालवतो, तुम्ही एकटे चोवीस? हे जरा कमी करा. मालकाला संशय येतो. हसू नका, सहा लिहितो.

एक मिनिट. ऐकलंत? न्हाय, पलीकडची लूम. खट-खट-खटाक — तो खटाक बरोबर न्हाय. सूत नेणारा लाकडी धोटा पेटीत आदळतोय. संध्याकाळपर्यंत फुटतोय बघा तो, कुणीतरी जाऊन पेटीचा बोल्ट... जाऊ दे. आपल्याला काय! आपण खुर्चीवाले.

आं? का सोडली लाइन? काही न्हाय हो, असंच. म्हणजे — आमच्या शेठनं मुंबईहून मेकॅनिक आणला. बूटवाला. अठरा वर्षं मी ज्या लूमा कानानं ओळखत होतो, त्या त्यानं पुस्तक उघडून बघितल्या, आणि शेठ मला म्हणाला, चांगदेव, साहेबांना टॉर्च धर. धरला. तासभर धरला. वाईट वाटलं, चाचा. खरंच फार वाईट वाटलं. बिघाड त्याच्या नाकासमोर होता, मला दिसत होता, पण बोललो न्हाय — टॉर्च कधी बोलतो का? दुसऱ्या दिवशी गेलोच न्हाय.

आता तीन महिने झाले. हे रजिस्टर बघा. नाव, पोस्ट, आणि हा शेवटचा रकाना — 'नोकरी लागली'. कोराच हाय. घरवालीनं आजचा दिवस दिलाय, आज एक तरी नाव लागू दे म्हणते, न्हायतर उद्या सकाळी गुपचूप त्याच शेठकडं, त्याच साहेबाच्या टॉर्चला. म्हणून म्हणतो चाचा, तुम्ही जिथं पाठवीन तिथं जा, आवडलं न्हाय तरी आठ दिवस टिका, माझ्यासाठी — हे मी तुम्हाला कशाला सांगतोय? ब्युरोवाल्यानं असं सांगायचं नसतं. विसरा. सोडा ते पुडकं. बघू सर्टिफिकिटं.

हे काय?

हा धोटा हाय. हा पण धोटा. हा तिसरा. तिन्ही फुटलेले, तिन्ही उजव्या टोकाला — एकाच लूमचे ना? सकाळपासनं? आणि तुमचा मेकॅनिक काय म्हणतो, लाकूड खराब? लाकूड उत्तम हाय, त्याला म्हणावं हात लावून बघ — थांबा. चोवीस लूम. तुम्ही चालवत न्हाय. तुमच्या हायत? तुम्ही शेठ हाय? मग पन्नास वय कशाला लिहू दिलंत? मघापासनं बोलायचं ना! मी बोलू दिलं न्हाय? ते बरोबर हाय.

नोकरीला न्हाय आलात. जॉबर बघायला आलात. बोर्ड वाचून.

एक दिवसाचं काम की... कायमचं? मला? एक विचारू का शेठ, राग मानू नका. टॉर्च कोण धरणार?

तुम्ही? स्वतः?

उठा. उठा, दार लावायचंय. ते पेन द्या इकडं — नाव, चांगदेव. पोस्ट, जॉबर. नोकरी लागली. झालं. माझा पाना खाली पानवाल्याकडं ठेवलाय — विकायचा म्हणून ठेवला होता, कुणी घेतला न्हाय. चला, चला. बोर्ड? राहू दे तो. बरोबर हाय बोर्ड.