एकच कान

—न्हाई, मान हलवू नका, वस्तरा धरलाय मी. अन् पाव्हणे, खरं सांगा, तुम्ही बियाणं कंपनीचेच का? न्हाई, आपलं विचारलं. वाटूरच्या फाट्यावर बियाणंवाले लई येतात, त्यांना मी ओळखतो—आले की आधी विचारतात, कपाशी कशी हाये, बोंडअळी पडली का. तुम्ही आल्यापासून कपाशीचा क काढला न्हाई. गालावर दाढी न्हाई, सकाळीच घोटून आलेले दिसता, तरी म्हणता दाढी करा. अन् खुर्चीत टेकत न्हाई तोच विचारता—ते टीव्हीतल्या कुस्तीतलं पोरगं, जालन्याचा जल्लाद, ते ह्याच गावचं ना? बोलू नका, बोलू नका, फेस तोंडात जाईल. मीच बोलतो.

गावचं म्हणजे काय, माझा सख्खा भाऊ हाये तो. मिथुन. दचकू नका, म्हणलं ना वस्तरा हाये! म्हणजे ठाऊक नव्हतं तुम्हाला. फाट्यावर कुणीतरी सांगितलं असंल, सलूनात जा, तिथं गावाची खबर मिळती. बराबर सांगितलं. सलून कुणाचं, तेवढं सांगायचं राहून गेलं.

तर आता ऐकाच. दर रविवारी संध्याकाळी ह्याच टीव्हीवर लागतो तो कार्यक्रम—आगीचे फवारे, भोंगे, चट्ट्यापट्ट्याच्या चड्ड्या. पहिल्या दिवशी सारं गाव दुकानात होतं, आमचा बापसुद्धा. आमचा बाप म्हणजे तातेराव, तालमीचे वस्ताद, सगळे तात्या म्हणतात. मिथुन पडद्यावर आला अन् लोकांनी गुलाल उधळला. तो गुलाल दोनच रविवार टिकला. का? कारण त्याला तिथं वाईट माणसाचं काम दिलंय. कुणीतरी वाईट पाहिजे ना, न्हाई तर टाळ्या कुणासाठी? तिसऱ्या रविवारी त्यानं तिथल्या म्हाताऱ्या उस्तादाच्या छातीत लाथ घातली. कार्यक्रमात तो उस्ताद त्याचा गुरू हाये—खरा न्हाई हो, हैदराबादचा नाटकवाला हाये तो, दोघं एका डब्यात जेवतात, लाथ कुठं टेकायची, पडायचं कसं, आदल्या दिवशी गादीवर घोटून घेतात. पण इथं सांगायचं कुणाला? शेजारच्या गोजरबाईनं, जिनं त्याला लहानपणी दूध पाजलं, तिनं पायातली चप्पल काढून टीव्हीला हाणली. हा बघा तडा. 'गुरूला लाथ मारतो, मुडद्या!' फहीम वेल्डर तेवढा शिट्ट्या मारू राह्यला—'अरे, जितनी गाली, उतना बडा पहलवान!'—तर त्यालाच लोकांनी धरून बाहेर काढलं. कळलं होतं त्या एकट्यालाच.

तात्या? उठले, टोपी झटकली, गेले. विषय निघाला तो नागपंचमीला, मिथुन घरी आल्यावर. आमच्या तालमीत रीत हाये—वस्तादाचा अपमान केला की हनुमंतासमोर दोन्ही कान धरून उठाबशा काढायच्या, सगळ्या तालमीच्या देखत. भुजंगकाका अन् आणखी दोन-चार म्हातारे, ज्यांना आता जिना चढता येत न्हाई पण शिक्षा देता येती, ते जमले अन् म्हणाले, मिथुननं कान धरावे. टीव्हीतल्या लाथेसाठी कान धरायचे खऱ्या हनुमंतासमोर! मी म्हणलो, काका, मंग टीव्हीत रावण झाल्याला माणूस गावात आला तर त्याला जाळता का? तर मलाच म्हणाले, कॉलेज अर्धवट सोडून गाल खरवडतो अन् आम्हाला शिकवतो का. सोडलं मी कॉलेज, सोडलं. पण खोटं कुठलं अन् खरं कुठलं, एवढं कळतं मला.

मिथुन तालमीत गेला. तो वादच घालत न्हाई कुणाशी. लंगोट घालून मातीत उभा राह्यला अन् उजव्या हातानं कान धरला. एकच. डावा हात तसाच खाली. झालं! भुजंगकाका ओरडले, बघा माज, देवासमोरसुद्धा एकच कान धरतो! पार परतूरपर्यंत गेली ती गोष्ट, अन् परतूरहून कुंभार पिंपळगावला. तिथंच—

थांबा. डोळे काहून मिटले? कुंभार पिंपळगाव म्हणलं अन् डोळे मिटले. मामा का चुलते? आकांक्षाचे कोण तुम्ही? मला वाटलंच होतं. मिथुनची अन् तिची सुपारी फुटायची बाकी होती, तारीख धरली होती, अन् नागपंचमीपासून तुमच्याकडच्या मोठ्या माणसांचा एक फोन न्हाई. आता चोरून चौकशी करायला आले. करा ना, रीतच हाये ती, पोरगी द्यायची म्हणजे करावीच. पण माजोरी पोराला पोरगी कशी द्यायची, हेच विचारायचं ना? माजोरी? मिथुन? अहो, घरी आला की त्याला शर्ट मी घालतो, दाढी मी करतो, डोक्यावरून पाणी मी—

न्हाई, म्हणजे... लाडानं. भाऊ हाये म्हून.

असं काय बघता आरशातून? मोबाइल उलटा काहून ठेवला मांडीवर, रेकॉर्ड करता का? ...बरं. करा. ऐका मंग नीट. डावा हात खांद्याच्या वर जात न्हाई त्याचा. उन्हाळ्यात त्या कार्यक्रमात दोरावरून खाली फेकला होता त्याला, खालची गादी सरकली. लाथ खोटी होती, शिव्या खोट्या होत्या, हे तेवढं खरं निघालं. त्यानं त्या दिवशी दुसरा कान धरायला बघितला हो! मी शेजारीच उभा होतो. हात कोपरापर्यंत उचलला, तोंड पांढरं पडलं, अन् खाली सोडला. म्हाताऱ्यांना माज दिसला.

अन् तात्यांना? तात्यांना सगळं ठाऊक होतं. एक शब्द सांगितला असता तर सगळे गप झाले असते. घरी येऊन मी भांडलो, तर म्हणाले—'माजोऱ्याला बायको मिळती, लुळ्याला न्हाई. लग्न होईस्तोवर तोंड शिवून ठेव.' हे आमचे वस्ताद. पोराला सगळ्यांत नाक घासायला लावलं अन् वर तुमच्याशी लपवाछपवी.

आकांक्षानं विचारलं होतं त्याला, फोनवर. 'पडताना लागतं का हो?' एवढ्या शिव्या देणारांत हे एकीनंच विचारलं. अन् हा काय म्हणला? 'बिलकुल न्हाई.' बापाच्या भ्यानं. त्या दिवसापासून तिचा फोन आला की बाहेर जाऊन बसतो, उचलत न्हाई. तिला वाटत असंल, माज आला. सगळ्यांना तेच वाटतं.

उठू नका. अर्धा फेस तसाच हाये—उठलेच का? पुसा तरी. न्हाई, पैसे नको.

थांबा, दारात आलेच ते. या तात्या. हे पाव्हणे कुंभार पिंपळगावचे, आकांक्षाकडचे. मिथुनच्या हाताचं विचारू राह्यले. सांगा त्यांना.

माझ्याकडं बघू नका, तात्या. माझं बोलून झालं.