अरेथुसाच्या झऱ्यात आलेलं बूच

रोझालिया : ...बदकं चोची मारत होती म्हणून दिसलं, बाबा. झऱ्यातल्या पपायरस गवताच्या बुडख्यात अडकलं होतं. बघा तरी, आपल्या नुन्झियोच्या जाळ्याचं बूच. दोरीसकट!

बास्तियानो : दे इकडे. चष्मा कुठाय माझा?

रोझालिया : नाकावर.

बास्तियानो : हं... त्याचंच आहे. ही खूण त्यानेच डागलेली.

रोझालिया : मग? पाच वर्षं झाली त्याची होडी ग्रीसच्या किनाऱ्याला बुडून. तुम्हीच म्हणाला होतात ना, की तिथे आल्फिऑस नदी समुद्राला मिळते, आणि ती नदी अरेथुसा अप्सरेच्या मागे समुद्राखालून धावत थेट आपल्या सिराक्यूजला, तिच्या झऱ्यात आली. तिकडे पडलेलं इकडे झऱ्यात वर येतं. आणि बजावलंत, "काही वर येईपर्यंत माझ्या पोरासाठी मृतांची प्रार्थना म्हणायची नाही."

बास्तियानो : म्हणालो होतो. आमच्या आजोबांपासून सगळे म्हणत आलेत.

रोझालिया : पाद्रीबाबांनी समजावलं तर त्यांच्याच अंगावर गेलात. घ्या, आलं आता.

बास्तियानो : ही गाठ कुणी मारली गं?

रोझालिया : कुणी म्हणजे? नुन्झियोने.

बास्तियानो : नुन्झियो डावखुरा. त्याची गाठ उलटी बसायची, त्यावरून रोज माझ्या शिव्या खायचा. ही उजव्या हाताची आहे. आणि वर एक जादा वेढा. चाळीस वर्षं माझ्या जाळ्यांना हा वेढा एकच बाई घालत आली, तुझी आई. बोल की!

रोझालिया : बूच माळ्यावरचं आहे. पण आईची बोटं वळत नाहीत, बाबा. तीन दिवस लागले तिला त्या एका गाठीला.

बास्तियानो : आणि थापा मारायला तुला धाडलं.

रोझालिया : डॉक्टर म्हणाले, फार तर आठवडा. पोराची प्रार्थना कानावर पडल्याशिवाय तिला जायचं नाही. म्हणाली, "तो माझं ऐकायचा नाही, झऱ्याचं ऐकेल."

बास्तियानो : म्हणजे पोरगा गेला, हे तिने मनाशी धरलंय?

रोझालिया : पहिल्याच दिवशी. तुमच्यासाठी थांबली होती.

(बास्तियानो बूच हातात फिरवत राहतो.)

बास्तियानो : रोज सकाळी त्या कठड्याशी जाऊन पाण्यात बघायचो. घरी आलो की ती विचारायची, "काही आलं?" मी म्हणायचो, "नाही." आणि खरं सांगू पोरी, मला बरं वाटायचं. काही आलं नाही म्हणजे तो आहे कुठेतरी.

रोझालिया : बाबा...

बास्तियानो : रडू नकोस. कोट दे माझा. पाद्रीबाबांकडे जाऊन उद्याचीच वेळ मागतो.

रोझालिया : आणि आईला काय सांगू? तुम्ही ओळखलंत म्हणून?

बास्तियानो : सांग, बाबांनी गाठ नीट निरखून बघितली. म्हणाले, नुन्झियोचीच आहे.