फलश्रुती नसलेली पोथी

आजच्या सभेचे अध्यक्ष आणि आपल्या धावड्याचे सरपंच तातेराव, भोकरदनहून उन्हातान्हाचे आलेले केंद्रप्रमुख रामराव गुरुजी, ज्यांच्या बदलीपायी हा मंडप घालावा लागला त्या आमच्या शाळेच्या नंदाबाई, मंचावरची वडीलधारी मंडळी, आणि चुलीवरचं उतू गेलं तर पटकन पळता यावं म्हणून कडेकडेला बसलेल्या माझ्या सगळ्या बायांनो,

मी सगुणाबाई. बोलणं माझं, आवाज माझ्या सुनेचा. मला अक्षर येत नाही आणि माईक पुढे आला की दात हलतात. म्हणून भाषण मी सांगितलं, पुष्पानं लिहिलं, आणि आता तीच वाचते आहे. मी ‘न्हाई’ म्हटलं की ती ‘नाही’ लिहिते. लिहू दे. शिकलेल्यांची खोडच असते ती. पुष्पा, हे गाळू नकोस, मी इथेच खुर्चीवर बसले आहे.

नंदाबाई गावात आल्या तेव्हा सरकारनं साक्षरतेचे वर्ग काढले होते. मीही पाटी घेऊन गेले. मोठ्या कष्टानं ‘ग’ काढला. बाई म्हणाल्या, “सगुणाबाई, खुरपं झकास काढलंत.” त्या दिवशी पाटी सुटली आणि मीही सुटले.

पण मग श्रावण आला. पोथी सांगणारे काकासाहेब लेकाकडे जालन्याला गेले ते तिकडेच रमले. आम्ही बाया सवयीनं मारुतीच्या पारावर जमायचो, वाती वळायचो, आणि पोथी नाही म्हटल्यावर एकमेकींच्या सुनांवर घसरायचो. एकदा नंदाबाईंना म्हटलं, तुम्ही वाचा. त्या म्हणाल्या, “माझ्याकडे पोथी नाही. कादंबरी आहे.”

आम्हाला काय त्याचं? छापलेलं ते पवित्र. आम्ही पाट मांडला, धुतलेलं फडकं अंथरलं, पुस्तकाला हळदीकुंकू वाहिलं. पुस्तक तालुक्याच्या वाचनालयाचं होतं. कुंकवाचा डाग लेऊनच ते परत गेलं.

आता पोथीत काय होणार ते आधीच ठाऊक असतं. देव पावतो, सासू सुधारते. इतके श्रावण ऐकलं, मी काही सुधारले नाही, ते सोडा. या पुस्तकात एक बाई होती. चांगली म्हणावी, तर नवरा अंथरुणाला खिळलेला आणि ही मनातल्या मनात गाणं म्हणते. वाईट म्हणावी, तर त्याला घास तीच भरवते. आम्ही विचारलं, “बाई, हिला धरायचं कोणत्या बाजूला?” नंदाबाई म्हणाल्या, “धरू नका. नुसतं तिच्यासोबत चला.”

केस पिकल्यावर हे नवं चालणं शिकायचं म्हणजे सोपं वाटतं का तुम्हाला, बाप्यांनो? आधी झोप येते. कोण कुणाचा कोण, काही उमगत नाही. उमगू नये, पुढे ऐकत राहावं. मग एक दिवस तव्यावरची भाकरी करपते, कारण आपण त्या बाईच्या घरात असतो. भाकरी करपली की समजावं, जमलं.

शेवटच्या पानावर ती बाई दाराच्या कडीला हात लावून उभी राहिली. आणि नंदाबाईंनी पुस्तक मिटलं. आम्ही हात जोडून बसलेल्या. खडीसाखर वाटीत. पण फलश्रुती कुठे? पोथी शेवटी सांगते ना, हे ऐकल्यानं संतान मिळेल, धन मिळेल? इथं बाई बाहेर पडली की आत वळली, एवढंही सांगेनात!

“पानं फाटली असतील,” द्वारकाबाई म्हणाली. सगळ्यांना पटलं. आम्ही माझ्या लेकाला, अप्पारावला, फाटलेली पानं आणायला वाचनालयात पाठवलं.

वाच पुष्पा, वाच. नवऱ्याचं नाव मी मुद्दाम घातलं आहे. उखाणा घेऊ नकोस, नुसतं वाच. झालं? आकाश कोसळलं का?

तर अप्पाराव हात हलवत परत आला. पानं पुरी होती. लिहिणाऱ्यानंच तिथं सोडलं होतं. कमरबी तर चिडलीच. “ऐसा कैसा किस्सा, बाई? मेरेकू नींद नै आती.”

नंदाबाई म्हणाल्या, “मलाही येत नाही. म्हणून तर तुम्हाला वाचून दाखवलं.”

मग हापशावर दोन तट पडले. कमरबी म्हणे गेली, द्वारकाबाई म्हणे वळली. पुष्पा हंडा उचलून चालू लागली. पण घरी शेंगा फोडता फोडता हळूच म्हणाली, “आत्याबाई, मला वाटतं, तिला त्या कडीचा गारवा पहिल्यांदाच कळला असेल.” मी बघतच राहिले. इतकी वर्षं मला वाटत होतं, हिला भाजीतलं मीठ तेवढं कळतं.

आता दुसरं पुस्तक अर्ध्यावर आहे. जन्मभर परागंदा झालेला भाऊ गावी परतला आहे. बहीण परका समजून पाण्याचा तांब्या घेऊन बाहेर आली आहे. ओळखते की नाही? तेवढ्यात बदलीचा हुकूम! रामराव गुरुजी, सरकारला एवढीही समज नसावी? अर्धी पोथी ठेवू नये, हे इथलं शेंबडं पोरही सांगेल. मला बसवत नाही, उठवत नाही. पुष्पाला म्हटलं, तू वाच. ती म्हणते, “जोडाक्षरं अडतात, आत्याबाई. चार बायांत हसू होईल.”

पुष्पा, आता शेवटचा कागद घे.

थांबू नको. हे अक्षर तुझं न्हाई, नंदाबाईंचं हाय. त्यांनी माझा एक शब्द सुधारला न्हाई, बघ. हा कागद तू आधी पाह्यला नव्हता, तरी वाचून राह्यलीस. केंद्रप्रमुख अडले का? फलश्रुती अडली का? नवऱ्याचं नाव अडल्तं, पर ते जोडाक्षरापायी न्हाई. भर मंडपात कुणी हसलं का? हसले ते मला हसले.

पोथी सांगणारा गाव सोडतो तवा पोथी खाली ठेवत न्हाईत. पुढच्याच्या हातात देतात, आन् ऐकणारे उठून उभे राहतात. काकासाहेबांनी कुणाला दिली न्हाई, म्हणून आमचा पार मुका झाल्ता. आता तसं व्हायचं न्हाई.

नंदाबाई, तुम्ही आमची झोप नेली, त्याचे उपकार कसे फेडावे? जिथं जाल तिथल्या बायांची बी न्या. अध्यक्षसाहेब, पाहुणे, मंडळी, म्हातारीचं इतकं ऐकून घेतलं, तुमचं भलं होवो. माझी जीभ कुणाला टोचली असंल तर सुई समजून पोटात घाला, शिवायलाच घेतल्ती.

आता उठा समदे. तातेराव, तुम्ही बी. पुष्पा, कागद सोड, दोन्ही हात मोकळे कर. नंदाबाई, द्या तिच्या हातात. ती बहीण कवाची तांब्या धरून उभी हाय.