नसलेल्या कपाटाला वळसा

जनावरांच्या दवाखान्यात घड्याळजी बोक्याची टोपली मांडीवर घेऊन बसला होता. शेजारी एक सुतार, त्याची बायको आणि नजर गेलेला त्यांचा म्हातारा कुत्रा.

“डॉक्टर म्हणाले होते, घरातलं काही हलवू नका.”

“कपाट विकल्यावर म्हणाले गं!”

“अजून वळसा घालतो हो हा त्या कपाटाला, मोकळ्या जागेत.”

“तूही घालतेस.”

“त्याला एकट्याला वेड्यात काढायला नको. काल तुम्हीही घातलात.”

“हातात चहा होता.”

“झोपेत शेपूट हलवतो. तिथे दिसत असेल सगळं.”

“मग नवा पलंग कुठे ठेवायचा?”

“कपाटाच्या जागी.”

“कपाटापेक्षा हातभर लांब आहे तो. धडकेल बिचारा.”

“मग कापा.”

“अगं, सागवान आहे!”

“कापा.”

“आणि माझे पाय?”

“दुमडा. तोही तसाच झोपतो.”

सुताराने कानावरची पेन्सिल काढली.